शिशातली वेलबुट्टी

१९४९ साली पेंग्विन या इंग्लिश प्रकाशनसंस्थेने पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनाची एक छोटेखानी पुस्तकमाला सुरू केली. मालेची मांडणी यान चिखोल्डची होती आणि मुखपृष्ठांवरची नक्षी एलिझाबेथ फ्रीडलेंडरची. दोघेही जर्मन, दोघांनाही नाझी राजवटीपायी देश सोडावा लागला होता. चिखोल्डने तर १९२८ साली ‘डी नॉये टिपोग्राफी’ हे पुस्तक लिहून छपाईतल्या साऱ्या सजावटीला हद्दपार करायला सांगितले होते. त्याच चिखोल्डच्या मांडणीत एका निर्वासित बाईची वेलबुट्टी पानभर पसरली. जर्मन अक्षरकलेची गेल्या शंभर वर्षांतली वाटचाल समजून घ्यायची असेल, तर ही पुस्तके आधी पाहावीत.

नेहमी सांगितली जाणारी हकीकत वेगळी आहे. जर्मन छपाई शतकानुशतके नक्षीत गुरफटली होती, मग बाउहाउस ही कलाशाळा आली, नक्षी गेली, अक्षर मोकळे झाले. शिकवायला ही मांडणी सोपी आहे. जर्मनीतल्या आजच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कामामागेही तीच उभी दिसते. मला ती पटत नाही. नक्षी वादात हरलेली नाही. ती घडवणाऱ्या कितीतरी माणसांना देशाबाहेर ढकलण्यात आले आणि पुढे ती ओतणारे कारखाने बंद पडले. आज ती परततेही आहे, पण अर्धीच. रूप परतले आहे, रीत अजून यायची आहे.

रीत म्हणजे काय, हे कळायला अगदी मागे जावे लागते. गुटेनबर्गच्या ४२ ओळींच्या बायबलमध्ये, म्हणजे १४५५च्या सुमारास, छापलेली नक्षी नव्हतीच. पानावर जागा कोऱ्या सोडलेल्या असत. ग्रंथ घेणाऱ्याने चितारी गाठून त्या रंगवून घ्यायच्या. ग्योटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या काळातली एक हस्तलिखित नमुनावही आहे. पानाची वळी कशी काढायची, कोणता रंग आधी भरायचा, उजेडाची बाजू कशी उठवायची, हे तीत पायरीपायरीने सांगितले आहे. त्याच ग्रंथालयातल्या गुटेनबर्ग-बायबलच्या समासांत तिच्यातली पाने ओळखू येतात. धडा आणि धड्यावरून केलेले काम असे एकाच छताखाली क्वचित सापडते.

दोनच वर्षांत, १४५७ साली, फुस्ट आणि शोफर यांनी माइन्त्समध्ये स्तोत्रग्रंथ छापला. त्यातली मोठी आद्याक्षरे लाल-निळ्या रंगांत यंत्रावरच उमटली. चितारी मागे पडला. त्यानंतर आउग्सबुर्गचा एर्हार्ट राटडोल्ट व्हेनिसला गेला आणि १४७६ साली आपल्या दोन भागीदारांसह त्याने रेगिओमोन्टानुसचे पंचांग छापले. नक्षीच्या चौकटीत ग्रंथाची माहिती, छापणाऱ्यांची नावे आणि साल देणारे असे पहिले पान तेच. १४८६ साली राटडोल्टने आपल्याकडच्या छपाईच्या खिळ्यांचे नमुने एका कागदावर छापले. आज माहीत असलेले ते पहिले नमुनापत्रक. आपल्याकडे काय आहे आणि ते कसे वापरता येईल, हे मुद्रकाने मोकळेपणी मांडून दाखवण्याची जर्मन परंपरा तिथून सुरू होते. माझ्या मते ती या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट.

नक्षीचा खिळा आणि अक्षराचा खिळा एकाच रक्ताचे असतात. तेच शिसे, कथील आणि अँटिमनी, तीच उंची, तोच खणांचा केस. खिळे जुळवणारा जुळारी ‘अ’ उचलतो तसे पान उचलतो, कोपरा उचलतो, टोक उचलतो. एक खिळा एकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो: अर्धे पान, एक ठिपका, वळलेला देठ. तो सरळ, उलटा, आडवा लावला, चारांचा गट केला, की चौकट उभी राहते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जसे रेषेला हुकूम देतात, तसे इथे खिळ्याचे माप नक्षीला हुकूम देते. ओळीची लांबी त्या मापाने भागली गेली नाही, तर कोपरा जुळतच नाही. मग जुळाऱ्याला माप बदलावे लागते किंवा नक्षी. म्हणजे नक्षी ठरवताना अख्ख्या पानाचा हिशेब करावा लागतो. लाइपझिगच्या मुद्रक ब्राइटकोप्फने १७५०च्या दशकात संगीताचे स्वरलेखन सुट्या खिळ्यांनी जुळवायची पद्धत बसवली, पुढे खिळ्यांनी नकाशे जुळवण्याचे प्रयोग केले, ते याच विचारातून. तुकडा लहान करा, माप पक्के ठेवा, मग त्यातून काहीही बांधता येते. हे माप साऱ्या जर्मनीत एकसारखे व्हायला मात्र १८७९ उजाडले. बर्लिनच्या हेर्मान बेर्टोल्टने एका मीटरचे २६६० पॉइंट ठरवले आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे खिळे एकमेकांशेजारी निमूट बसू लागले.

या एकसारख्या मापाचा वाईट परिणामही झाला. हॉटेलांची बिले, लग्नपत्रिका, कारखान्यांची शीर्षपत्रे यांच्यावर कमानी, खांब, झालरी आणि फिती यांचा पूर आला. चिखोल्ड आणि त्याच्या पिढीचा संताप या पुरावर होता आणि तो रास्त होता. पण त्याआधीच, १९०० साली, ओफेनबाखच्या क्लिंगस्पोर बंधूंनी ओट्टो एकमानचे अक्षर ओतले आणि पाठोपाठ पेटर बेहरेन्सचे. दोघेही चित्रकार. दोघांच्याही अक्षराबरोबर त्याच हाताची नक्षी आली, त्याच जाडीच्या रेषेची. कुठल्यातरी कारखान्याची झालर कुठल्यातरी अक्षराला लावण्याचे दिवस तिथे संपले. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या एमिल रुडोल्फ वाइसने हे आणखी पुढे नेले. ओफेनबाखमध्ये रुडोल्फ कोखची कार्यशाळा होती. कोखने रानफुले रेखाटली, त्याचा विद्यार्थी फ्रिट्स क्रेडेल याने ती लाकडात कोरली, आणि १९२९-३०मध्ये ‘ब्लूमेनबूख’चे तीन खंड २५० फुलांसह बाहेर पडले. ती रेष पाहावी. कुठेही हौस म्हणून वळलेली नाही. देठ जिथे वाकतो तिथेच वाकते.

१९२७ साली कोखचे ‘काबेल’ आणि पाउल रेन्नरचे ‘फुटुरा’ अशी दोन भौमितिक अक्षरे एकाच वर्षी बाजारात आली. कोख हा हस्तलेखन आणि काळ्या, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन, अक्षराचा भक्त, रेन्नर नव्या विचाराचा. पण बाउअर कारखान्याने फुटुराबरोबर त्याची नक्षीही विकली: वर्तुळे, चौकोन, त्रिकोण यांचे खिळे. आधुनिकतेचे प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या या अक्षराच्या कुटुंबात नक्षी जन्मापासून होती, ही गोष्ट आज सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली तर बाउहाउसने नक्षी संपवली हे म्हणणे जागेवरच कोसळते.

१९३३ साली रेन्नर आणि चिखोल्ड दोघांनाही अटक झाली, दोघांच्याही म्युनिकमधल्या नोकऱ्या गेल्या. चिखोल्ड स्वित्झर्लंडला गेला. कोख १९३४ साली वारला. त्याचा ज्यू विद्यार्थी बेर्टोल्ट वोल्पे १९३५ साली इंग्लंडला पोचला. तिथे फॅनफेअर प्रेससाठी त्याने नक्षीचे खिळे आखले आणि १९३९ साली त्यांचे एक देखणे पुस्तक निघाले. वाइसची विद्यार्थिनी फ्रीडलेंडर हिने बाउअरसाठी एक अक्षर रेखले होते. ज्यू आडनाव चालणार नव्हते म्हणून ते ‘एलिझाबेथ’ या नावाने विकले गेले. ती आधी इटलीला, मग लंडनला गेली. सुरुवातीला तिला घरकाम करावे लागले. युद्धकाळात ब्रिटिशांच्या प्रचारखात्यासाठी तिने जर्मन शिक्क्यांच्या हुबेहूब नकला केल्या. जर्मन कार्यशाळांत शिकलेली नक्षी ही अशी इंग्लिश पुस्तकांवर फुलली. आणि ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी नेता बोरमानच्या परिपत्रकाने फ्राक्टुरवर, आदल्या दिवसापर्यंत राष्ट्रीय म्हणून गौरवलेल्या काळ्या अक्षरावर, ‘ज्यू अक्षर’ असा खोटा शिक्का मारून बंदी घातली. इतके होऊनही युद्धानंतर लोकांच्या मनात फ्राक्टुर नाझींशीच चिकटून राहिली. फ्रांकफुर्टच्या मोठ्या दैनिकात संपादकीय लेखांची शीर्षके २००७पर्यंत फ्राक्टुरमध्ये होती, पण बाकी तिला बिअरच्या बाटल्या आणि खाणावळींच्या पाट्या उरल्या.

युद्धोत्तर काळातला मोठा कारागीर हेर्मान त्साप्फ. त्याच्या पालाटिनो, ऑप्टिमा या अक्षरांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याचे १९७८चे ‘त्साप्फ डिंगबॅट्स’ अधिक बोलके वाटते. हजाराच्या वर चिन्हे त्याने काढली, त्यांतली ३६० निवडली गेली: पाने, तारे, कात्री, विमान, हृदय. पुढे हा संच लेझर छपाईयंत्रांत बसला आणि युनिकोड या संगणकीय चिन्हसूचीतही त्याला स्वतंत्र जागा मिळाली. फोनवरून आपण पाठवतो त्या लाल हृदयाचा क्रमांक या संचातून आलेला आहे. मुद्रकाच्या केसातला नक्षीचा खिळा असा जगाच्या खिशात पोचला. पण येताना त्याने शेजारी गमावला. डिंगबॅट एकटे उभे राहते. त्याला कोपरा नाही, जोड नाही.

तोवर कारखाने ढासळत होते. क्लिंगस्पोर १९५६ साली श्टेम्पेल कारखान्यात विरले, बाउअरचा फ्रांकफुर्टचा कारखाना १९७२मध्ये बंद झाला, श्टेम्पेल ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, बेर्टोल्टचे दिवाळे १९९३ साली. पूर्व जर्मनीत आल्बेर्ट काप्रने लाइपझिगच्या शाळेत आणि ड्रेस्डेनच्या टिपोआर्ट कारखान्यात पुस्तकी अक्षराची परंपरा चिकाटीने सांभाळली. एकीकरणानंतर टिपोआर्टही टिकले नाही. अक्षरकार एरिक श्पीकरमान आणि त्याचे सहकारी यांनी संगणकाच्या काळात जर्मन अक्षराला जगाच्या बाजारात पुन्हा उभे केले, हे खरे. मात्र त्या बाजाराची भूक मुख्यतः नितळ, कामसू ग्रोटेस्क, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या, अक्षरांची होती. आज विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनांतली भित्तिपत्रके पाहिली की त्या भुकेचे ओझे जाणवते: पुन्हा एक ग्रोटेस्क, थोडी ताणलेली, थोडी दाबलेली. कौशल्य उत्तम, गरज अस्पष्ट.

याला मोठे अपवाद आहेत आणि आशा तिथेच आहे. पोट्सडामच्या शाळेत शिकणाऱ्या युडिट शालान्स्कीने २००६ साली ‘फ्राक्टुर मों आमूर’ हे पुस्तक केले. काळ्या अक्षराचे ३००हून अधिक नमुने, एकेका अक्षरसंचाला जोडपान, आणि त्याच संचातली अक्षरे फिरवून, उलटवून, जोडून बांधलेली नक्षी. साथीला भडक गुलाबी रंग. कलंकाने झाकलेल्या वारशाकडे तिने प्रेमाने पाहिले, आणि तेही जुळाऱ्याच्या रीतीने: तुकडा घ्या, माप पाळा, जोडा. एका तरुण मुलीच्या कामात ही समज यावी याचे मला अतोनात अप्रूप वाटते. पुढे लेखिका म्हणून नावाजलेल्या शालान्स्कीची पुस्तके तिने स्वतःच मांडलेली असतात, आणि मजकूर व पान यांच्यात तिथे फट सापडत नाही.

दुसरे उदाहरण माइन्त्सच्या शाळेचे. योहानेस बेर्गरहाउझेन यांच्या पुढाकाराने २००४पासून तिथे युनिकोडमधल्या चिन्हांचा अभ्यास सुरू आहे; २०११च्या ग्रंथात १,०९,२४२ चिन्हे एकत्र छापली गेली. पुढे ज्या लिप्यांना अजून संगणकात जागा नाही, त्यांच्यासाठी अक्षरे रेखण्याचे कामही या शाळेने अंगावर घेतले. या कामाला जुने जर्मन मूळ आहे. बॉनच्या संस्कृतज्ञ आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलने देवनागरीचे खिळे पॅरिसमध्ये घडवून घेतले आणि १८२३ साली त्यांनी भगवद्गीता छापली. दुसऱ्याच्या लिपीसाठी इतका खर्च आणि इतका कसून अभ्यास करण्याची ही वृत्ती आज विद्यार्थ्यांत दिसते, तेव्हा जर्मन अक्षरकला जिवंत आहे असे वाटते.

संगणकावरच्या नक्षीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आज विद्यार्थी चार ओळींची आज्ञावली लिहून हजार आकृत्या काढू शकतात, आणि काढतात. त्यांतल्या बहुतेक आकृत्या पानाच्या मजकुराशी बोलत नाहीत. आकृतीचे एकक ओळीच्या उंचीतून आलेले नसते, रेषेची जाडी अक्षराच्या देठाशी जुळत नाही, समास आकृतीने ठरत नाही. कुठल्यातरी झालरीने कुठलेतरी अक्षर सजवण्याचा एकोणिसाव्या शतकातला दोष नव्या यंत्रातून परत आला आहे. जिथे शाळांनी शिशाचे खिळे आणि हातजुळणीची जागा राखली आहे, तिथून येणाऱ्या पुस्तकांत हा दोष कमी आढळतो, असे माझे निरीक्षण आहे. कोपरा न जुळण्याची अडचण ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, तो पडद्यावरही माप आधी ठरवतो.

लाइपझिगला या बाबतीत मोठी सोय आहे. तिथली कलाशाळा १७६४ सालची, आणि त्याच शहरात राष्ट्रीय ग्रंथालयाचे १८८४ पासूनचे पुस्तक आणि लिपी संग्रहालय आहे. ओफेनबाखमध्ये क्लिंगस्पोर संग्रहालय १९५३ साली उघडले, आणि कोख जिथे शिकवत असे ती शाळाही आज कलामहाविद्यालय म्हणून त्याच गावात चालते. कारखान्यांची जुनी नमुनापुस्तके अशा संग्रहांत आहेत. त्यांत एका नक्षीच्या खिळ्याचे एकाखाली एक जोड छापलेले असतात: चौकट, पट्टी, शेवटचा झुबका, अख्खे पान. विद्यार्थ्यांनी ती पुस्तके चित्रे म्हणून चाळू नयेत. एखादे पान घेऊन, तेच एकक स्वतः आखून, तिथे न छापलेला पुढचा जोड शोधावा, आणि मग तो एखाद्या खऱ्या मजकुराशेजारी बसवून पाहावा.