साथ आणि संगत : दोडामार्ग परिसरातील घरगुती भजनाच्या निमित्ताने

मराठीत ‘साथ’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. गावावर पसरणारा रोग ही साथ, आणि गाणाऱ्याच्या गळ्याला तबल्याने, पेटीने वा टाळाने दिलेला आधार हीही साथच. एरवी हे दोन अर्थ एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. २०२० च्या मार्चपासून मात्र पहिल्या साथीने दुसरीला अटकाव केला, आणि एक प्रश्न संगीतविचारापुढे नव्याने उभा राहिला : रोगाच्या काळात जिवंत संगीत लोकांपर्यंत नेणे म्हणजे नेमके काय नेणे? अशा प्रयत्नांविषयी जे लेखन झाले त्यातील बरेचसे त्यामागील सद्भावनेच्या गौरवापाशी थांबते. सद्भावना आदरणीय खरीच. परंतु ती कलाप्रकाराच्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. ती परीक्षा एका छोट्या प्रदेशातील संगीताच्या आधारे करून पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. युरोपात ज्याला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात ते दालनात बसून, मोजक्या वादकांनी, प्रत्येक स्वरपंक्तीस एकेक वादक योजून, संचालकावाचून सादर करावयाचे संगीत होय. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘बैठक’ हा आहे. दोहोंची रचना भिन्न आहे. तेथे लिहिलेल्या स्वरलिपीतून वादकांचा संवाद घडतो, येथे गायक रागविस्तार करीत असता साथीदार त्याचा मागोवा घेतात. साम्य आहे ते अंतराचे. दोन्ही ठिकाणी वादकांना परस्परांचा श्वास दिसतो आणि श्रोता इतका जवळ असतो की त्याच्या मान हलविण्यानेही गाणाऱ्याचा पुढचा स्वर बदलू शकतो. या अर्थाने कोकणातील घरगुती भजन हे बैठकीचेच संगीत ठरते. फरक एवढाच की येथे श्रोताही बहुधा टाळकरी असतो.

दोडामार्ग हा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, १९९९ मध्ये सावंतवाडीपासून वेगळा झालेला तालुका. सह्याद्रीचा उतार, तिलारीचे खोरे आणि त्यांमध्ये विखुरलेल्या वाड्या असे त्याचे रूप आहे. घाट चढून गेले की चंदगड, आणि बाजारपेठेतून चार पावले पुढे गेले की गोव्याचा डिचोली तालुका. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही सीमा पोर्तुगीज सत्तेची होती. त्यानंतर ती दैनंदिन व्यवहारात जवळजवळ पुसली गेली. नोकरीसाठी आणि बांबोळीच्या रुग्णालयासाठी माणसे ती रोज ओलांडीत आली. संगीताच्या दृष्टीनेही हा प्रदेश एकाच पट्ट्यातला आहे. केसरबाई केरकरांचे केरी, मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी ही गावे गोव्यातील, आणि घुमटाच्या नादावर म्हटली जाणारी आरती हे तेथील घराघरांतले वैभव. अलीकडे सिंधुदुर्गात त्या जागी पेटी, पखवाज व झांज यांच्या संगतीने होणारे भजन आणि दशावताराचे संगीत. दशावतारी नाटकाला तरी किती वादक लागतात? पेटीवाला, मृदंगवाला आणि झांजवाला एवढ्यांवर रात्रभराचे नाट्य उभे राहते.

भजनाची रीत येथील प्रत्येकास ठाऊक असते. चतुर्थीला माटवीखाली गणपती बसला की वाडीतील मंडळी संध्याकाळपासून घरोघर फिरू लागतात. बुवा पेटीवर बसतो, पखवाज्या शाई तपासतो, मागे कोरस दाटीवाटीने मांडी घालतो. नामस्मरण, रूपाचा अभंग, पुढचे अभंग, गौळण आणि शेवटी गजर या क्रमाने भजन चढत जाते. मग उसळ, चहा आणि पुढचे घर. ‘संगीत लोकांपर्यंत नेणे’ हा शब्दप्रयोग या रीतीस लावून पाहिला तर तो तोकडा पडतो. त्यात एका बाजूला संगीत असलेला कलावंत आणि दुसऱ्या बाजूला संगीत नसलेला समाज असे गृहीत धरलेले असते. येथे तर या घरचा कोरस त्या घरचा यजमान असतो. भजनी मंडळ घरी आणते ते वाडीपाशी आधीपासूनच असलेले संगीत. प्रत्येक घराला त्याची पाळी देते, इतकेच.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. दशावताराचा हंगाम जत्रांच्या ऐन मोसमात तुटला. गोव्याची सीमा बंद झाली आणि साठ वर्षांपूर्वीच्या नाक्याची आठवण देणारा अडसर पुन्हा रस्त्यावर आला. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, मिरवणूक नाही, गर्दी नाही असे शासनाचे निर्बंध होते; मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरणाची मुदत चौदावरून दहा दिवसांवर आणण्यात आली होती. मूर्तीची उंची फुटांत मोजता येते. भजनाला मात्र अशी मोजपट्टी लावता येत नव्हती, कारण त्याचे सर्व बळ ज्या दाटीत आहे तीच निषिद्ध ठरली होती.

हा निषेध निराधार नव्हता, हे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली त्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च २०२० रोजी, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली येथील एका हौशी गायकवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी ५३ जण नंतर आजारी पडले व दोघे मरण पावले. मोठ्याने गाताना श्वासाबरोबर सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. भजनातील बुवाची ओळ उचलून धरणारा कोरस, खोलीतील कोंदट हवा आणि समोर बसलेले घरातील वृद्ध यांचा विचार करता त्या अमेरिकन तालमीहून ही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. मोकळ्या खळ्यात गाणे त्यामानाने सुरक्षित झाले असते. परंतु ऑगस्टअखेर कोकणातील पाऊस खळ्यात कोणास बसू देत नाही. तो सर्वांना आत ढकलतो.

मग दुसरा मार्ग यंत्राचा. अनेकांनी तो सुचविला व काहींनी अवलंबिलाही. त्याची मर्यादा भावनिक नसून भौतिक आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाच मीटरांच्या खोलीच्या एका टोकाचा टाळ दुसऱ्या टोकास साधारण १५ मिलिसेकंदांत ऐकू येतो. हा विलंब ३० मिलिसेकंदांच्या पलीकडे जाऊ लागला की एकत्र वाजविणाऱ्यांची लय सैल पडते, असा सर्वसाधारण अनुभव व प्रयोगांचा निष्कर्ष आहे. म्हणजे सुमारे दहा मीटर ही समूहवादनाची नैसर्गिक सीमा होय, आणि कोकणातील घराची पडवी व माजघर मिळून साधारण तेवढीच जागा भरते. दृक्‌श्राव्य संभाषणाच्या मोबाईल-यंत्रणेत १०० मिलिसेकंद व त्याहून अधिक विलंब नेहमीचाच. १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे टाळकरी ३४ मीटर दूर, शेजारच्या घराच्या अंगणात बसल्यासारखे. पखवाजाच्या लग्गीवर तेथून टाळ धरणे शक्य नाही. यात डोंगराळ भागातील दुबळ्या जाळ्याची भर पडते. मोबाईलला जाळे मिळावे म्हणून सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर खोपी घालून अभ्यास केल्याची बातमी त्याच वर्षी सर्वत्र वाचली गेली. यंत्राने बुवाचे गाणे ऐकविता येते. त्याला दिलेले उत्तर लयीत परत आणता येत नाही. मुंबईत अडकलेल्या चाकरमान्यास गावच्या गणपतीचे दर्शन व आरतीचा आवाज मिळाला, हे त्याचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते दर्शन होते, संगत नव्हती.

तिसरा मार्ग पाश्चात्त्य शहरांत आढळला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ऑगस्ट २०२० मध्ये ‘बँडवॅगन’ नावाने एक मालवाहू मोटार रस्त्यांवर आणली. तीन-चार कलावंत शहरातील निरनिराळ्या वस्त्यांत उतरून थोडा वेळ वाजवीत व गर्दी जमण्यापूर्वी पुढे जात. जर्मनीत स्टुटगार्ट येथे ओस पडलेल्या विमानतळासारख्या जागांत एक वादक व एकच श्रोता समोरासमोर बसविण्यात आले. मूळ कल्पना २०१९ मधील, साथीपूर्वीची. दोघांत काही मीटरांचे अंतर, आरंभी मिनिटभर केवळ दृष्टिभेट, मग सुमारे दहा मिनिटांचे वादन, बोलणे नाही, टाळ्या नाहीत. या दोन प्रयोगांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात संगीत श्रोत्यांच्या दारी गेले, पण श्रोता वाटसरूच राहिला. दुसऱ्यात श्रोत्याची संख्या एकावर आली आणि त्यामुळेच त्याचे महत्त्व वाढले, कारण तो उठून गेला तर मैफलच उरत नाही. संगीताचा विस्तार साधण्यापेक्षा नात्याची घनता राखणे अधिक मोलाचे, हा विचार दुसऱ्या प्रयोगात दिसतो.

यावरून साथीच्या काळातील कोणत्याही संगीतोपक्रमास तीन कसोट्या लावता येतील. गाणारा व ऐकणारा एकाच काळात आहेत काय, ही पहिली. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाने गाणे बदलू शकते काय, ही दुसरी. आणि ज्याच्या दारी संगीत नेले त्याला ‘आज नको’ म्हणण्याची मोकळीक आहे काय, ही तिसरी. तिसरी कसोटी सामान्यतः विसरली जाते, पण खेड्यात ती सर्वांत कठीण असते. दारी आलेल्या भजनास नकार देणे हे देवास व वाडीस नकार देण्यासारखे समजले जाते. घरात दम्याची म्हातारी असली तरी यजमानाच्या तोंडून ‘येऊ नका’ निघणे अवघड. अशा वेळी मंडळाने स्वतःहून न जाणे, म्हणजे यजमानावर नकाराची पाळीच येऊ न देणे, हा केवळ नियमपालनाचा भाग राहत नाही. ती संगतीची मर्यादा सांभाळणारी कृती ठरते. चांगला साथीदार कोठे वाजवू नये हे जाणतो. मुख्य गायकाची जागा न झाकणे हा साथीचा पहिला धर्म सांगितला जातो. न गेलेले मंडळ या अर्थाने साथच करीत होते.

अशा घरात उरते ती घरच्या चार माणसांची आरती. पेटी नाही, पखवाज नाही. एखादी झांज, ताम्हन आणि आठवतील तेवढी कडवी. कलादृष्ट्या ती कृश आहे. परंतु तीनही कसोट्यांस ती उतरते. शिवाय वाडीचे संगीत व्यावसायिकावर अवलंबून नसून घराघरांत रुजलेले असते, याचा पुरावाही तीच देते. जेथे संगीत पूर्णतः सभागृहावर विसंबले तेथे काय होते हे पुण्यात दिसले. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव २०२० मध्ये होऊ शकला नाही, २०२१ मध्येही नाही. तो पुन्हा भरला २०२२ च्या डिसेंबरात. महोत्सवाला विराम देता येतो. घरातील आरतीला विराम मिळाला नाही, कारण तिला मुळी जमावाची गरज नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो व तो बलवान आहे. कृश आरतीचा गौरव करणे म्हणजे हानीला शोभा आणणे नव्हे काय? भजन ही मौखिक विद्या आहे. गजर केव्हा चढवावा, गौळणीत लय कोठे मोडावी हे मुले बुवाच्या मागे बसून शिकतात. एक चतुर्थी चुकली म्हणजे वर्षाचा पाठ चुकला. डबलबारीच्या बाऱ्यांवर व दशावताराच्या रात्रींवर ज्यांची चूल अवलंबून त्यांचे उत्पन्नही थांबले; घरच्या झांजेने त्यांचे पोट भरत नाही. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. कृश आरती म्हणजे बियाणे. त्याला पीक म्हणणे ही समीक्षेची फसवणूक होईल. पण बियाणे राखले होते की नव्हते, हा प्रश्न पिकाच्या आधीचा आहे.

महाराष्ट्राच्या संगीतस्मृतीत साथीची एक जुनी कथा आहे. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने पुढील वर्षांत दक्षिण महाराष्ट्रही व्यापला. त्या काळात अब्दुल करीम खाँ मिरजेस असता प्लेगने ग्रासले गेले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गानसेवा केल्यावर बरे झाले, असे परंपरा सांगते. आख्यायिकेची वैद्यकीय सत्यता तपासण्याचे हे स्थळ नव्हे. तिची घडण मात्र लक्षणीय आहे. रोगाच्या ऐन भरात गाणारा एकटा आहे आणि त्याचे गाणे कोणत्याही श्रोतृसमुदायासाठी नाही. समुदाय येतो तो नंतर : दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी भरणाऱ्या संगीतसभेच्या रूपाने, जी १९३७ मध्ये खाँसाहेब निवर्तल्यानंतरही त्यांच्या स्मृतीशी जोडलेली राहिली. एकांतातील गाण्याचे ऋण समाजाने साथ ओसरल्यावर, पुन्हा एकत्र बसून फेडावे, असा क्रम त्या कथेत आहे.

दोडामार्गच्या भजनालाही हाच क्रम लागू पडतो. साथीच्या दिवसांत संगीत दारोदार पोहोचले की नाही, एवढ्यावर त्या काळाचा हिशेब संपत नाही. घरात राखलेले सूर नंतर वाडीच्या कोरसात परतले काय, मागे बसणारी मुले पुन्हा मागे येऊन बसली काय, आणि दोन वर्षे हात थांबलेल्या पखवाज्यास त्याची बारी व बिदागी मिळाली काय, याही गोष्टी त्या हिशेबात धरल्या पाहिजेत. रोगाची साथ आपोआप ओसरते, किंवा औषधाने हटविता येते. संगीतातील साथ मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर पुन्हा बसवावी लागते. ते काम दहा मीटरांच्या आतच होते.