सोळाशेचे चार चरण

कळमनुरी तालुक्यात पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुलामुलींना कुणी धावपटू म्हणत नाही. 'भरतीची पोरं' एवढीच त्यांची गावातली ओळख. हिंगोली-नांदेड रस्त्याच्या कडेनं, धरणाकडे जाणाऱ्या फाट्यावर, शाळेच्या मैदानात ती अंधारातच येतात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात. त्यांच्याकडे बघताना आपल्या डोक्यात नोकरी असते, जागा किती निघाल्या हे असतं, मेरिट किती लागेल हे असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. ही पोरं जे सोळाशे मीटर पळतात ती मुळात एक सुंदर, घट्ट बांधलेली रचना आहे आणि तिचा आस्वाद कवितेइतक्याच बारकाईनं घेता येतो.

आधी आकृतिबंध पाहू. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला, उरलेले १०० मीटर आणि गोळाफेकीला. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २०. त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. लष्कराच्या भरतीतही अंतर १.६ किलोमीटरच. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे; त्या बलात जायचं तर ५ किलोमीटर पळावं लागतं. पण पोरांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येतं ते सोळाशेच. "ग्राउंड कसं गेलं?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर सोळाशेच्या टायमिंगनं मिळतं. फक्कीनं आखलेल्या चारशे मीटरच्या ग्राउंडवर याचे बरोबर चार राउंड होतात. पाच-दहाला चारनं भागलं की येतात साडेसत्त्याहत्तर सेकंद. एवढ्याशा चौकटीत सगळं बसवायचं.

भरतीची तयारी करणारी मुलं वही ठेवतात. एका बाजूला सामान्यज्ञान आणि गणिताची सूत्रं, उलट बाजूनं टायमिंग. अशा एका वहीतल्या दोन ओळी माझ्यासमोर आहेत. मुलगा एकच, ग्राउंड एकच, मधे काही आठवड्यांचा सराव. पहिली ओळ: ७२, ७८, ८४, ८०. बेरीज ५ मिनिटं १४ सेकंद. दुसरी ओळ: ७८, ७८, ७८, ७४. बेरीज ५ मिनिटं ८ सेकंद. फरक अवघा सहा सेकंदांचा. पण वाचता आलं तर या दोन ओळींत दोन निराळी माणसं दिसतात.

दुसरी ओळ वाचताना मला अभंगाची बांधणी आठवते. याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी गावाला संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात, तेव्हा हे माप इथल्या मातीला परकं नाही. मोठ्या अभंगात चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. यमक जुळतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. सोळाशेचं मर्म नेमकं हेच आहे. दुसरा आणि तिसरा राउंड एकमेकांशी जुळला पाहिजे आणि चौथा आखूड झाला पाहिजे. पहिल्या ओळीत हे यमक तुटलं आहे: दुसरा अठ्ठ्याहत्तर, तिसरा थेट चौऱ्याऐंशी. दुसऱ्या ओळीत ते जुळलं आहे, आणि त्याच्या बळावर शेवटचा चरण चार सेकंदांनी आखडला आहे.

आता एकेक चरण घेऊ. पहिला राउंड फसवा. शिट्टी होते, पंधरा-वीस जण एकदम सुटतात, कोपर कोपराला लागतं, अंगात आदल्या दिवशीची विश्रांती साठलेली असते. त्या क्षणी बहात्तर सेकंदांचा वेगही सहज वाटतो. वहीतल्या मुलानं पहिल्या ओळीत तेच केलं, आणि त्या साडेपाच सेकंदांच्या घाईची किंमत पुढे दीडपटीहून जास्त मोजली. दुसऱ्या वेळी तो अठ्ठ्याहत्तरनं गेला. ते वाचताना नजरेसमोर आणावं: पहिल्याच वळणावर दहा जण पुढे निघून गेले आहेत, आणि हा पोरगा त्यांना जाऊ देतो आहे. विशीच्या आतबाहेरच्या मुलाला हा संयम फार महाग पडतो. मी त्या अठ्ठ्याहत्तरकडे त्यासाठीच आदरानं पाहतो.

दुसऱ्या राउंडमध्ये गर्दी पांगते, रांग लागते, श्वास पावलांशी जुळतो. इथे दाखवण्यासारखं काहीच घडत नाही, आणि घडू नये. मग येतो तिसरा. प्रेक्षक नेमका याच वेळी गप्पांकडे वळतो. सुरुवातीची गंमत संपलेली, शेवट अजून लांब. धावणाऱ्याच्या पायांत मात्र याच राउंडला सगळं एकवटतं. स्नायूंना हव्या तेवढ्या वेगानं प्राणवायू पोचत नाही, आम्लता चढते, मांड्या जड होतात, खांदे कानांकडे सरकतात, हाताच्या मुठी आवळल्या जातात. सवयीनं पळणाऱ्याला इथे आपण मंदावलो हे कळतही नाही, कारण कष्ट तेवढेच लागत असतात. तोच वेग राखायचा तर तिसऱ्या राउंडला जास्त जोर लावावा लागतो. तिसऱ्याचा अठ्ठ्याहत्तर दुसऱ्याच्या अठ्ठ्याहत्तरसारखाच लिहिला जातो; पळताना तो कितीतरी अवघड असतो. यमक जुळवण्यासाठी कवीनं केलेली धडपड वाचकाला दिसू नये म्हणतात. या ओळीत ती दिसत नाही, हेच तिचं सौंदर्य.

चौथ्या राउंडचं कौतुक सगळेच करतात, म्हणून मी त्यात फार रमत नाही. एवढंच सांगतो, की चौऱ्याहत्तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये येत नाही. तो आधीच्या तीन राउंडमध्ये राखलेला असतो.

हा सगळा व्यवहार थेट इतिहासाशी जोडता येतो, कारण सोळाशे मीटर म्हणजे मैलाला साधारण नऊ मीटर कमी. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरनं ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पार केला आणि चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा पडली. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. त्या दिवशीही सकाळी लंडनच्या रुग्णालयात हजेरी लावून तो ऑक्सफर्डला गेला. सोबत दोन मित्र: ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे. आधी ब्रॅशरनं पुढे राहून वेग धरला, मग चॅटवेनं, आणि शेवटचा तुकडा बॅनिस्टरचा एकट्याचा. त्याच्याही चार चरणांत तिसराच सर्वांत संथ होता. त्या काळी तिघं मिळून पाव मैलाचे दहा तुकडे, मधे दोन मिनिटं विश्रांती, असा सराव करत. प्रत्येक तुकडा एकसष्ट सेकंदांवर अडकून बसला तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सगळं सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेले. परतल्यावर एकोणसाठ जमला.

एकमेकांसाठी वेग धरण्याचं हेच काम कळमनुरीच्या ग्राउंडवरही सुरू असतं आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. ही मुलं एकाच जागेसाठी एकमेकांशी स्पर्धा करणारी आहेत. तरीही ज्याचा दम पक्का तो पहिले दोन राउंड पुढे राहून दुसऱ्याला ओढतो. ज्याच्याकडे घड्याळ आहे तो सगळ्यांचं टायमिंग घेतो. गेल्या खेपेला ज्याचं एका गुणानं हुकलं, तो नव्यांना सांगतो, "पहिल्या राउंडला पळू नको, दुसऱ्यापासून पळ." त्याच्या या एका वाक्यात पेसिंगचं सगळं शास्त्र आलं.

सरावाबाबत एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. बरीच मुलं रोज सोळाशेच पळतात, तेही जीव तोडून. एवढ्या अंतरासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा प्राणवायूच्या आधारानं तयार होतो, आणि ती ताकद सावकाश, लांब पळण्यातून येते. हे जगाला दाखवलं न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डनं. तो बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि हौसेनं पळायचा. स्वतःच्या पायांवर प्रयोग करून त्यानं पद्धत बसवली. ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेलला त्यानं आठवड्याला शंभर मैलांच्या घरात पळवलं, आणि स्नेलनं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं, तर १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० अशा दोन्हींचं सुवर्ण जिंकलं. आपल्या मुलांना शंभर मैलांची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा गप्पा मारता येतील अशा वेगानं सात-आठ किलोमीटर, एकदा चारशेचे तुकडे, एकदा ट्रायल, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढ्यानं वहीतली दुसरी ओळ तयार होते.

बुटांची चर्चा इथे फार रंगते. शहरातल्या मॅरेथॉनवाल्यांच्या तोंडी कार्बन प्लेट आणि जाड फोम असतो. रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलीमीटरपेक्षा जाड नको, असा नियमच जागतिक संघटनेला २०२० मध्ये करावा लागला. भरतीच्या मुलांची निवड काही शे रुपयांच्या हिशेबात होते. 'सेगा'चा हलका बूट त्यांच्यात घराघरात पोचलेला. मोठ्या भावाचा जोडा धाकट्याकडे येतो, कुणी अनवाणीच पळतं. इथली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती तळाला चिकटून एकेक बूट पावशेरानं जड करते. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर रोज पळालं की नडगी दुखायला लागते. जाणती मुलं म्हणून मुरमाचा रस्ता शोधतात आणि डांबर लांब पळण्याच्या दिवसापुरतं ठेवतात. बॅनिस्टरनं शर्यतीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सहाणेवर स्पाइकचे खिळे घासून धारदार केले आणि मैदानाची राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळलं. पायाखालची माती ओळखणं ही या कलेची पहिली पायरी आहे, आणि तिथे महागड्या बुटाचा काही संबंध नाही. नियम एकच: चाचणीच्या दिवशी नवा जोडा घालायचा नाही.

तयारीचं बाकीचं शहाणपणही असंच साधं. आदल्या रात्री रोजचंच जेवण, पोटाला जड काही नाही. सकाळी केळं, नाहीतर गूळ-शेंगदाणे, तेही पळण्याच्या बऱ्याच आधी. भिजवलेले हरभरे सरावाच्या दिवसांसाठी चांगले, चाचणीच्या सकाळी नकोत. जून २०२४ मध्ये राज्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पावसाचे दिवस आले होते. कोरड्या मुरमावर तयार केलेलं टायमिंग ओल्या मैदानावर तसंच उतरत नाही. अशा वेळी ज्याला आपला अठ्ठ्याहत्तर पायांनी ओळखता येतो, तोच टिकतो.

मुलींची धाव ८०० मीटरची. पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे पंच्याऐंशीचे दोन राउंड. ही दोनच चरणांची रचना, आणि म्हणून जास्त निर्दय. चूक सुधारायला मधला राउंडच नाही. शिवाय या मुलींना सराव सुरू करण्याआधी घरातल्यांना समजवावं लागतं, सोबत शोधावी लागते, उजेड-अंधाराचा हिशेब करावा लागतो. त्यांच्यासाठी जवळचं उदाहरण परभणीच्या ज्योती गवतेचं. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, तेव्हा ती आपल्याच घरची. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये तिनं २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला.

आणि मुलांसाठी अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला. स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ मध्ये. म्हणजे तोही एके काळी भरतीचाच पोरगा. ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंद वेळ दिली. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या पुढे राहिला तो पाच शतांश सेकंदांनी. १९९८ पासून या शर्यतीतली सगळी राष्ट्रकुल पदकं केनियाकडेच जात होती. ती रांग मराठवाड्याच्या मुलानं मोडली. ती शर्यत पुन्हा पाहाल तेव्हा शेवटची सरळ रेषा थोडा वेळ बाजूला ठेवा. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या ओलांडत मधल्या राउंडमध्ये तो पुढच्यांच्या पाठीला किती शांतपणे चिकटून राहिला ते बघा. यमक तिथे जुळलेलं आहे.

भरतीत जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ. पाच-आठ पळूनही अनेकांचं नाव यादीत येणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ७८, ७८, ७८, ७४ ही ओळ ज्यानं एकदा स्वतःच्या पायांनी लिहिली, त्याला स्वतःची ताकद सारखी वाटून खर्च करता येते. यादीत नाव आलं नाही तरी ही कमाई जात नाही. म्हणून गावानं या धावण्याची कदर करावी. तालुक्याच्या ठिकाणी मुरमाचं, नीट मोजलेलं चारशे मीटरचं एक ग्राउंड असावं, पहाटे तिथे दिवे लागावेत, मुलींना निर्धास्त येता यावं, यासाठी फार पैसा लागत नाही.

आणि वाचकाला एक विनंती. एखाद्या रविवारी ट्रायल बघायला जा. शेवटच्या रेषेवर गर्दी असतेच, तिथे थांबू नका. समोरच्या वळणावर उभे राहा. तिसऱ्या राउंडला पोरं तुमच्या समोरून जातील तेव्हा "पळ, पळ" म्हणू नका. घड्याळ बघा आणि त्यांचं टायमिंग मोठ्यानं सांगा.