नया बाजार, तांबे आणि इंग्रजी

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाविषयी बोलणे निघाले की एक आक्षेप हटकून ऐकू येतो: इंग्रजी शाळा आल्या आणि घरातील मराठी गेली. ऐकावयास तो पटण्याजोगा आहे. परंतु ग्वाल्हेरच्याच वाङ्मयेतिहासाशी ताडून पाहता टिकत नाही.

भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) यांचेच उदाहरण घ्यावे. जन्म मुगावलीचा, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानातला. आयुष्य गेले ते हिंदी मुलखात. टेनिसन आणि ब्राउनिंग यांचा त्यांच्यावरील परिणाम सर्वमान्य आहे. त्यांच्या नाट्यगीतांचा घाट तर उघडच ब्राउनिंगकडे बोट दाखवितो. पण त्या घाटात भरलेला संसार सर्वस्वी मराठी घरातला आहे, आणि कवितेच्या माथ्यावर राग-ताल लिहिण्याची त्यांची रीत हिंदुस्थानी संगीताची. इंग्रजी आली ती रचनेत. माजघरात तिने पाऊल टाकले नाही. दोषही सांगितला पाहिजे. ही मराठी कधीकधी फार गोड, जपून ठेवलेली वाटते. रस्त्यावर तिचा वापर नव्हता, म्हणून बाजारातला खरखरीतपणा तिला थोडाच लाभला.

१९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या पदावरील त्या पहिल्याच स्त्री. आणि व्यवसायाने नागपूरच्या इंग्रजीच्या प्राध्यापिका!

मग मराठी हटविली कोणी? लष्करातील नया बाजारात उभे राहावे. त्याला 'नवा बाजार' कोणी म्हणत नाही, मराठी गृहिणीही नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या या नगरात भाव ठरतो तो हिंदीत, आणि मुलांचे खेळ व भांडणेही हिंदीतच. इंग्रजी शाळेपुरती राहते. हिंदी मुलाबरोबर घरी येते. जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषा आणि अवगत असलेल्या आणखी दोन भाषा लिहितात. तेथे मराठी, हिंदी, इंग्रजी अशी नोंद झाली की काम संपले. आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नातवाने उत्तर कोणत्या भाषेत दिले, यासाठी तक्त्यात रकाना नाही.

आपल्या कोंकणी वाचकांस हे नवल वाटू नये. कारवार-मंगळूरकडील सारस्वत घरांत बोलणे कोंकणी, शाळा कन्नड, देवळातील आरती पुष्कळदा मराठी आणि कचेरी इंग्रजी, असा चौरंगी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. प्रत्येक भाषेला आपापली जागा होती, म्हणून कोंकणी चुलीपाशी टिकली.

ग्वाल्हेरीस लिपी एकच असल्याने ऱ्हास लवकर ध्यानातही येत नाही. मुलगा देवनागरी वाचतो, तेव्हा मराठीही वाचतो, अशी घरच्यांची समजूत असते. त्याच्या हाती तांब्यांची कविता द्यावी. रोजच्या हिंदीत 'ळ' नाही, म्हणून 'बाळ' हा शब्द तो 'बाल' असा वाचतो. आणि बाल म्हणजे त्याच्या लेखी केस.