बुरशीविषयक वाङ्मय : एक परामर्श

आपल्याकडे लावणीपासून लघुनिबंधापर्यंत सगळ्याची समीक्षा झाली, पण 'घरगुती सल्ला' या वाङ्मयप्रकाराकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. मी पडलो कॉमर्सचा माणूस. माझा टीकेशी संबंध लेजर तपासण्यापुरताच. पण आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमधल्या बाथरूमच्या टाइल्सच्या फटींत दर पावसाळ्यात ज्या काळ्या रेघा उमटतात, त्यांनी मला या वाङ्मयाचा व्यासंगी वाचक करून सोडलं. सबब हे धाडस.

या वाङ्मयाचा शेवट हमखास गोड असतो. अमुक लावा, अर्धा तास थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, की फटी पांढऱ्याशुभ्र! होतात हो, खोटं कशाला बोलू? प्रश्न पंधराव्या दिवशीचा आहे. त्या दिवशी रेघा परत येतात आणि लेखक तोवर पितळी भांड्यांकडे वळलेला असतो.

त्यात सोडा-व्हिनेगर हा नाट्यप्रकार. दोघं एकत्र आले की असा फेस येतो की टाळ्या वाजवाव्यात. पण ती दोघं एकमेकांनाच गारद करतात आणि बुरशी पहिल्या रांगेत बसून प्रयोग बघते. ॲसिडवाल्यांची शैली जहाल. फट भरलेली असते सिमेंटने, आणि ॲसिड सिमेंट खातं, हे ते सांगायचं विसरतात. डाग जातो, त्याबरोबर फटही झिजते, आणि त्या खरबरीत जागेत नवी बुरशी बिऱ्हाड थाटते.

एका रविवारी मी दोन लेखक एकत्र वाचले. ब्लीचिंग पावडर टाकली होतीच, वर ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन निघतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच. शेजारच्या खोलीत आई होती. तिला दमा. संध्याकाळपर्यंत तिला गॅलरीत बसवून ठेवलं. ती धाप लागलेली असतानाही "तुझे डोळे धू आधी" म्हणत होती. सौ. एवढंच म्हणाली, "अहो, यापुढे एका वेळी एकच लेखक वाचा."

तेव्हापासून मी या वाङ्मयाकडे कठोरपणे पाहू लागलो. सगळे लेखक काळ्या रंगावर लिहितात, पाण्यावर कुणी लिहीत नाही. अहो, डेबिट आहे म्हणजे कुठेतरी क्रेडिट असणारच! सिमेंटची फट पाणी शोषते, साबणाचा मळ तिला खाऊ घालतो. आमच्याकडे सकाळी सहा आंघोळी. त्यात खिडकीच्या झडपांवर शेजाऱ्यांच्या लाजेने मीच पुठ्ठा ठोकलेला. म्हणजे एंट्री माझ्याच हस्ताक्षरातली!

पुठ्ठा काढला. एक्झॉस्ट फॅन बसवला, शेवटच्या आंघोळीनंतरही तो अर्धा तास चालतो. झिजलेल्या फटी गवंड्याकडून नव्याने भरून घेतल्या. आणि प्रत्येकाने आंघोळ झाल्यावर भिंतीवरून वायपर फिरवायचा. यंदाच्या पावसाळ्यात रेघ उरली ती नळामागच्या एका कोपऱ्यात, बोटभर.

वायपरच्या खिळ्याला मी मस्टर टांगलंय. आई ते रोज तपासते. गेल्या महिन्यात लाल शेरे एकाच माणसाला मिळाले. आठ-एकवीसची लोकल गाठायची असते, असं त्याचं म्हणणं आहे. आईने ते अद्याप ग्राह्य धरलेलं नाही.