त्यांचे शून्य आणि आमचे शून्य

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील निबंधस्पर्धेचा विषय होता ‘माझा आदर्श’. निबंध तपासायला माझ्याकडे आले. बाबासाहेबांवर लिहिणारी मुले होती, फुल्यांवर लिहिणारी होती. पण उद्योगपतींवर लिहिणाऱ्यांची संख्या पाहून मी चकित झालो. एक निबंध आमच्याच वस्तीतल्या मुलाचा होता. त्याचे वडील नगरपालिकेत कंत्राटावर सफाईचे काम करतात. त्याने धीरूभाई अंबानींवर लिहिले होते आणि शेवट असा केला होता की, त्यांच्याजवळही काही नव्हते आणि माझ्याजवळही काही नाही. अक्षर चांगले, भाषा शुद्ध. मी त्याला दुसरा क्रमांक दिला. बक्षीस घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मग आपल्यातून असा एकही का झाला नाही? आपण आळशी आहोत का?”

मला उत्तर देता आले नाही. कारण तो निबंध त्याचा नव्हताच. ‘शून्यातून विश्व’ हे शब्द, सचोटी, जिद्द, दूरदृष्टी हे गुण, पेट्रोलपंपावरची नोकरी हा प्रसंग, सारे त्याने पुस्तकांतून घेतले होते. आणि तसली पुस्तके मीच वर्गात वर्षानुवर्षे वाचून दाखविली होती. तेव्हा ह्या चरित्रवाङ्मयाची तपासणी करणे हे माझ्यावरचे कर्ज आहे. हा लेख त्यासाठी.

ह्या चरित्रांची घडण ठरलेली असते. नायक गरीब किंवा बेताच्या घरात जन्मतो. लहानपणीच त्याच्या बुद्धीची चुणूक दिसते. तो मुंबईला, कलकत्त्याला किंवा परदेशी जातो. लोक त्याला वेड्यात काढतात. तो धोका पत्करतो, एकदा बुडतो, पुन्हा उभा राहतो. मग कारखाना, मग दानधर्म, मग पुतळा. ह्या घडणीत कामगार येतो तो एका प्रकरणापुरता, ‘कामगारकल्याण’ ह्या मथळ्याखाली. सरकार येते ते अडथळा म्हणून. जात तर येतच नाही. अशी चरित्रे वाचली की वाटते, ह्या देशात जात फक्त आमच्याकडेच आहे. श्रीमंतांना ती नसतेच.

प्रथम ‘शून्य’ तपासू. धीरूभाई १९३२ साली सौराष्ट्रातील चोरवाडला जन्मले. वडील शाळामास्तर. घरात पैसा नव्हता, हे खरे. ते एडनला गेले आणि बेस नावाच्या मोठ्या व्यापारी कंपनीत नोकरीला लागले. पण त्यांचे थोरले बंधू एडनमध्ये आधीच होते. १९५८ साली मुंबईला परतल्यावर त्यांनी धंदा काढला तो नात्यातल्याच चंपकलाल दमाणींच्या भागीदारीत. मशीद बंदर आणि पायधुणीच्या बाजारात मोढ वाणी समाजाच्या तरुणाला उभे राहायला जागा होती, सुताचा माल उधारीवर मिळत होता, चूक झाली तर पदरात घेणारी माणसे होती. ह्याला बाजारात ‘पत’ म्हणतात. धीरूभाईंचे भांडवल शून्य असेल, पत शून्य नव्हती. ही पत कोणी एकट्याने मिळवलेली नसते. ती पिढ्यांनी साठवलेली असते आणि जातीच्या वाटेने वारसाला मिळते. त्यांचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. १९६६ साली नरोड्याला गिरणी, १९७७ साली हजारो सामान्य गुंतवणूकदारांना भागधारक करणारी विक्री, १९८२ साली आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेचा कारखाना, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु निर्यातीच्या बदल्यात मिळणारे आयात परवाने हा त्या वाढीचा एक मोठा आधार होता, आणि परवाना हे सरकारच्या हातचे देणे असते.

आता आमचे शून्य पाहा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने सामर्थ्य असूनही धनसंचय करू नये, अशी आज्ञा आहे. शूद्राची ही स्थिती, मग अतिशूद्राची काय सांगावी? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळले तेव्हा अशाच आज्ञा जळत होत्या. महाराचे वतन म्हणजे गावाची वेठ. ते कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वर्षी धीरूभाई मुंबईत व्यापार सुरू करीत होते, त्या वर्षी आमचे बापजादे वेठीतून कागदोपत्री सुटत होते. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचा माल कोण घेणार? उधारी कोण देणार? त्यांचे शून्य हे आकड्यांच्या ओळीतले शून्य होते. मागे एक आकडा उभा होता. आमचे शून्य उण्याकडचे होते. दोन्हींना एकच शब्द वापरणे ही वाङ्मयीन चूक नाही, ती सामाजिक लबाडी आहे.

टाटांचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यांच्याविषयी सर्वांत आदराने लिहिले गेले आहे. फ्रँक हॅरिस ह्यांचे जमशेटजींचे चरित्र १९२५ सालचे; आर. एम. लालांचे ‘द क्रिएशन ऑफ वेल्थ’ १९८१ सालचे. दुसऱ्या पुस्तकाचे नावच पाहावे: संपत्तीची निर्मिती. निर्मिती कोणाच्या हातून, हा प्रश्न त्या नावात विचारलेला नाही.

जमशेटजी १८३९ साली नवसारीला जन्मले. वडील नसरवानजी मुंबईचे व्यापारी. १८५९ साली जमशेटजी पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. चीनशी चालणाऱ्या त्या काळच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. ह्याच अफूच्या व्यापारातून सर जमशेटजी जीजीभॉय आणि ससून घराणे मोठे झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि पुण्याच्या ससूनमध्ये आजही आमची माणसे खाटेवर पडलेली असतात; ती दाने खरी आहेत. पण देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते, ज्याच्या शरीरातून पैसा निघाला त्याचे नाव कोठेच राहत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच पेढ्या बुडाल्या. टाटांनाही झळ बसली. मग ब्रिटिशांच्या अबिसिनियाच्या स्वारीला रसद पुरविण्याच्या कंत्राटाने घडी पुन्हा बसली. म्हणजे गिरणीच्या पायात अफू, कापसाची सट्टेबाजी आणि साम्राज्याचे युद्ध असे तीन दगड आहेत. चरित्रकार ते लपवितो असे नव्हे. तो त्यांवरून झपाट्याने पुढे जातो.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली. मूळ भांडवल पंधरा लाख. नागपूर का निवडले ह्याची कारणे चरित्रांत व्यवस्थित येतात: जवळ कापूस, वरोऱ्याचा कोळसा, रेल्वे, हाताशी बाजारपेठ. एक कारण मात्र तितक्या ठळकपणे येत नाही, ते म्हणजे हाताशी असलेली माणसे. विदर्भातील महार जाडेभरडे सूत कातीत, कापड विणीत. गिरणीच्या सुताने तो धंदा मोडला आणि त्याच धंद्यातले हात गिरणीच्या दाराशी आले. सूत काय हे त्या हातांना शिकवावे लागले नाही. ते कौशल्य फुकट मिळाले. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नाही. पुढे ह्याच नागपूरच्या कामगार वस्त्यांतून आंबेडकरी चळवळ उभी राहिली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखोंत ह्या गिरणीकामगारांची कुटुंबे होती. त्यांचे चरित्र कोणी लिहिले?

मुंबईची गोष्ट माझ्या घरची आहे. माझे आजोबा एका गिरणीत रिंगखात्यात होते. सारे आयुष्य तेथेच गेले. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तेथे अस्पृश्याला मज्जाव. कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला महाराचे तोंड लागले तर इतरांचा धर्म बुडत होता. आजोबा घरी सांगत, “साच्याचा आवाज रोज कानावर, पण साच्याला हात कधी लावला नाही.” १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. हे नीट लक्षात घेतले पाहिजे. मालकाने हा नियम केला नव्हता, कामगारांनीच केला होता; पण दुभंगलेला कामगार मालकाला स्वस्त पडतो, म्हणून त्याने तो मोडलाही नाही. १९३८ साली मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते ह्या अनुभवाच्या बळावर. मुंबईतील संपत्तीचा कोणताही इतिहास ह्या धोट्याशिवाय अपुरा आहे.

तीच गोष्ट पोलादाची. टाटांचा पोलाद कारखाना १९०७ साली स्थापन झाला. दरवर्षी वीस हजार टन रूळ दहा वर्षे विकत घेऊ, अशी हमी सरकारने दिली होती. १९२४ साली परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसली. ह्याला कोणी सवलत म्हटले नाही, राखीव जागा तर नाहीच नाही; ह्याला ‘राष्ट्रउभारणी’ म्हटले. २०१२ साली केंद्र सरकारने आपल्या खरेदीपैकी चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घेण्याचे धोरण काढले, तेव्हा मात्र गुणवत्तेचा प्रश्न आठवतो! टाटांच्या रुळांना राखीव गिऱ्हाईक मिळाले म्हणून रूळ वाकडे निघाले नाहीत. आमच्या उद्योजकाच्या मालाबद्दलच ही शंका का?

आणि जमीन? १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले, सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण झाले, वीज मुंबईला आली. जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, तेव्हा भरपाईत पुण्याच्या सावकारांना रस होता आणि कसणाऱ्याला जमिनीत. भरपाई कागदाला मिळते, घामाला नाही. ज्याच्या नावावर कागदच नव्हता त्याचे काय झाले असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

टाटांचे चांगले काम नाकारण्याचा माझा हेतू नाही. आठ तासांचा दिवस त्यांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आला, भविष्यनिर्वाह निधी एम्प्रेस मिलमध्ये १९०१ साली. पण त्याच जमशेदपूरला १९२०, १९२२ आणि १९२८ साली संप का झाले, हेही त्याच प्रकरणात आले पाहिजे. केवळ कृपेने पोट भरत असते तर संप कशाला झाले असते?

आता मुख्य मुद्दा. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली. तेव्हापासून दलित आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षेचे आक्षेप ठरलेले आहेत: अतिशयोक्ती आहे, तेच ते आहे, कलात्मक अलिप्तता नाही. आम्ही आमची भूक सांगितली तर पुरावा मागितला जातो. श्रीमंताच्या चरित्रातील उपाशी बालपणाला मात्र कोणी पुरावा मागत नाही. आमच्या आत्मकथनांत ‘मी’ म्हणणारा साऱ्या वस्तीची कथा सांगत असतो. ह्या चरित्रांत हजारोंच्या श्रमाची कथा एका ‘मी’च्या नावावर चढविलेली असते. मग अलिप्ततेचा अभाव कोठे आहे? ज्या कसोट्या आम्हाला लावल्या, त्याच ह्या वाङ्मयाला लावा, एवढीच माझी मागणी आहे.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे ह्यांनी दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, स्थापन केली. बंद पडलेली कमानी ट्यूब्ज उभी करणाऱ्या कल्पना सरोज ह्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. मला ह्याचा अभिमान आहे. ज्याला धन साठविण्याची बंदी होती त्याने कारखाना काढणे हाही विद्रोहच आहे. परंतु एका व्यक्तीच्या यशाने नियम रद्द होत नाही. देशातील हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची २०१० सालची पाहणी २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आली. नऊ हजारांवर संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चजातीय. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. आता हेही आळशीपणानेच झाले म्हणायचे काय? १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत अशी मागणी केली, ती उद्योगाच्या द्वेषाने नव्हे. खाजगी मालकी जातीच्या वाटेने चालते हे त्यांनी ओळखले होते.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मी धंदा करू नये?” मी म्हणालो, “बाळ, जरूर कर. बँकेत जा, कर्ज माग, चार टक्क्यांतला तुझा वाटा माग. ती भीक नाही. पण नाही जमले तर स्वतःला दोष देऊ नकोस, आणि जमले तर शून्यातून आलो असे सांगू नकोस. तुझी आई, तुझा बाप, बाबासाहेब आणि ती चळवळ मागे उभी आहे.”

ह्या वर्षीच्या स्पर्धेसाठी मी विषय बदलला आहे: ‘माझ्या घरातील कामगार’. आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत. आपल्या घरातील, वस्तीतील म्हाताऱ्या गिरणीकामगारांना, पोलाद वितळविणाऱ्यांना, धरणाखालून उठलेल्यांना विचारा आणि लिहून ठेवा: कोणते खाते, किती पगार, कोणत्या दारातून मज्जाव. ही माणसे झपाट्याने जात आहेत. माझ्या आजोबांचा पगार किती होता, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.