‘बोटे उमटत नाहीत’ म्हणजे काय?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले. आता ‘त्यांची बोटे उमटत नाहीत’ हे वाक्य आपल्या सवयीचे झाले आहे. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. त्यात दोष बोटांचा ठरतो आणि यंत्र नामानिराळे राहते.

नोंदणीत दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची चित्रे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. ठसा म्हणजे काचेवर टेकलेल्या त्वचेच्या उंचवट्यांचे चित्र. विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांचे उंचवटे झिजतात. म्हातारपणी त्वचा कोरडी पडते. चित्र पुसट येते. पण काच पुसली होती का, बोट नीट टेकवले का, पुन्हा प्रयत्न केला का, यावरही ते अवलंबून असते. पुढे तुलना होणार ती याच नमुन्याशी!

प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या अहवालानुसार ९९.८६ टक्के लोकांची ओळख या पद्धतीने पटवता येते. उरले ०.१४ टक्के; म्हणजे शंभर कोटींत चौदा लाख. आकडा जाहीर केला हे चांगलेच. मात्र तो दहा बोटे आणि दोन बुबुळे मिळून आहे. रेशन दुकानात अनेकदा एकच बोट टेकवायचे असते. तिथे किती जण अडतील, हे या आकड्यावरून कळत नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणे हे विज्ञान नव्हे. शिवाय झिजलेली बोटे समाजात सारखी वाटलेली नाहीत. ती कष्टकरी आणि वृद्धांकडे जास्त आहेत. ज्यांना धान्याची गरज अधिक, त्यांच्याच वाट्याला यंत्राच्या चुकाही अधिक.

मुलांची बोटे वाढत असतात. म्हणून पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे नव्याने द्यावे लागतात. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. शाईच्या पॅडवर तेच बोट कोरडे, ओले, हलके आणि दाबून टेकवून चार ठसे घ्या, भिंगातून पाहा. चारही ठसे वेगळे दिसतील. माणूस मात्र एकच. मग मुलांना वाक्य दुरुस्त करायला सांगा: ‘बोटे उमटत नाहीत’ नव्हे, ‘यंत्राला वाचता आली नाहीत’.