चित्तप्रसाद: १९४३ नंतरची तीस वर्षं

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात चित्तप्रसाद यांच्या नावापुढे दोनच ठळक नोंदी होत्या. १९४३, बंगालचा दुष्काळ. १९६९, ‘एंजल्स विदाऊट फेअरी टेल्स’. गाईडनी १९६९ भोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “हे प्रकाशित कधी झालं आणि कोरलं कधी?” मी गप्प. ती लिनोकट मालिका १९५२ च्या आसपासची. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती पुस्तकरूपात काढली १९६९ मध्ये. म्हणजे माझ्या तक्त्यात चित्रकार तब्बल सतरा वर्षं उशिरा जागा झाला होता!

चूक तारखेची होती, पण तिच्यामागे एक आयती गोष्ट होती. ती तुम्हीही वाचली असेल. १९१५ मध्ये नैहाटीला जन्म, कलाशाळेत न जाता स्वतःच शिकलेला हात, कम्युनिस्ट पक्ष, नोव्हेंबर १९४३ मध्ये मिदनापूर जिल्ह्यात फिरून केलेलं ‘हंग्री बेंगॉल’. ब्रिटिशांनी त्याच्या प्रती नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत वाचली. मग १९४६ मध्ये मुंबई, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पक्षापासून फारकत आणि त्यानंतर अंधेरीतलं एकाकी आयुष्य. १९७८ मध्ये कोलकात्यात मृत्यू. या गोष्टीत मुंबईची तीस वर्षं उपसंहारासारखी दोन ओळींत उरकली जातात.

मला हे पटत नाही. कारण चरित्रात नाही, चित्रांत आहे.

मिदनापूरची रेखाटनं पेन-शाईची आहेत. कागद पांढरा, त्यावर रेघ न् रेघ काळं वाढत जातं. बऱ्याच ठिकाणी माणसाचं नाव आणि गाव टिपलेलं आहे. हा वार्ताहराचा हात: समोर बसलेला माणूस उठून जायच्या आत, किंवा मरायच्या आत, त्याची नोंद करायची. लिनोकटमध्ये सगळं उलटं. फरशीवर अंथरायच्या स्वस्त लिनोलियमवर पात्याने जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, उरलेल्यावर शाई लागते. चित्रही आरशातल्यासारखं उलटं उमटतं. मोठा प्रेस नसला तरी चमच्याच्या पाठीने घासून प्रत निघते. हाताशी पैसे नसलेल्या माणसाला परवडणारं माध्यम आहे हे. पण त्यात घाई चालत नाही, आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही.

म्हणून ‘एंजल्स’मधली मजुरी करणारी, रस्त्यावर वाढणारी मुलं मिदनापूरच्या माणसांसारखी नाव-गावासकट येत नाहीत. काळोख आधीच आहे आणि त्यातून मूल कोरून बाहेर काढलंय, असं ती पाहताना वाटतं. दुष्काळ ही घटना होती, तिला तारीख होती. या मुलांची परिस्थिती रोजची आहे, तिला तारीख नाही. वार्ताहराच्या रेघेला हे पेललं नसतं, असं माझं मत. ‘पक्ष सुटला आणि धार गेली’ हे वाक्य लिहिण्याआधी ही मालिका पक्ष सुटल्यानंतरची आहे, एवढं तरी पाहावं.

सगळंच काम या तोलाचं नाही, हेही सांगायला हवं. आई-मूल, प्रेमी युगुलं, गावाकडची दृश्यं यातली काही लिनोकट मला गोड आणि सजावटी वाटतात. पण तीही कशासाठी केली हे विचारायला हवं. याच माणसाने ‘खेलाघर’ नावाचं कळसूत्री बाहुल्यांचं थिएटर मुंबईत चालवलं होतं. ज्या मुलांना परीकथा नाहीत म्हणून तो चित्रं कोरत होता, त्यांच्यासाठी तो खेळही करत होता. प्रबंधात हे एकाच प्रकरणात यायला हवं. माझ्या मसुद्यात बाहुल्या तळटीपेत होत्या.

आता तक्त्यात दोन रकाने केलेत, एक निर्मितीचा आणि एक प्रकाशनाचा. पन्नाशीच्या दशकाची जागा भरायला लागली आहे. प्रकरण तिसरं मात्र पुन्हा लिहावं लागतंय.